डोमेनचं शेपूट आणि सर्चमधलं स्थान: एक्स्टेंशन निवडण्यापासून बदलण्यापर्यंत

वेबसाइटचं नाव सुचायला चार दिवस लागतात आणि ते डॉट कॉममध्ये आधीच गेलेलं आहे हे कळायला चार सेकंद. मग डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारच्या पानावर शेपटांची, म्हणजे एक्स्टेंशनची, रांग लागते: डॉट नेट, डॉट शॉप, डॉट एक्सवायझेड, डॉट आयओ. यातलं कुठलं घेतलं तर गूगल आपल्याला वर दाखवेल, हा प्रश्न तिथेच पडतो.

उत्तर आधी सांगून टाकू. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट शॉप किंवा डॉट एक्सवायझेड यांपैकी कुठल्याच शेपटाला गूगल जादा गुण देत नाही, कुणाचे कापतही नाही. जुलै २०१५ मध्ये गूगलने हे लेखी जाहीर केलं: नवी एक्स्टेंशन जुन्या सर्वसाधारण एक्स्टेंशनसारखीच धरली जातात आणि शेपटातल्या शब्दाचा रँकिंगला फायदाही नाही, तोटाही नाही. मग एवढा विचार कशाला करायचा? कारण काही शेपटं तुमचा देश ठरवून टाकतात, काही नावं आधीच्या मालकाचं ओझं घेऊन येतात आणि चुकीचं शेपूट नंतर बदलायचं म्हटलं तर महिनाभर तरी रँकिंग हेलकावे खातं.

पायरी १: शेवटच्या ठिपक्यानंतरची अक्षरं मोजा

लॅटिन लिपीतलं दोन अक्षरी शेपूट कायम देशाचं किंवा प्रदेशाचं असतं: डॉट डीई जर्मनीचं, डॉट जेपी जपानचं, डॉट एफआर फ्रान्सचं. तीन किंवा जास्त अक्षरं असतील तर ते सर्वसाधारण. डॉट कॉम १९८५ पासून आहे. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन, डॉट टोकियो यांच्यासारखी नवी फौज २०१३ च्या अखेरीपासून यायला लागली.

मोजताना फक्त शेवटचा भाग पाहा. डॉट को डॉट यूके आणि डॉट कॉम डॉट एयू हे त्या त्या देशाच्या रजिस्ट्रीचेच (शेपटाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचेच) विभाग आहेत, त्यात काही गैर नाही. पण डॉट यूके डॉट कॉम असं काही दिसलं तर थांबा. तिथे शेवट डॉट कॉमने होतो, म्हणजे ‘यूके डॉट कॉम’ हे एका खासगी मालकाचं डोमेन आणि तुम्हाला मिळतंय ते त्याखालचं सबडोमेन. त्याला ब्रिटनच्या एक्स्टेंशनचं वजन मिळत नाही, आणि वरच्या मालकाचं काही बिनसलं तर तुमचंही बिनसतं. २०११ मध्ये डॉट को डॉट सीसी या अशाच उधारीच्या पत्त्याखाली स्पॅम इतका माजला की गूगलने तो अख्खा पत्ता इंडेक्समधून, म्हणजे सर्चसाठी साठवलेल्या पानांच्या यादीतून, काढला. त्याखालच्या प्रामाणिक साइटही त्यातच गेल्या.

पायरी २: वाचक एका देशातला की कुठलाही, ते ठरवा

एक्स्टेंशनचा सर्चशी खरा संबंध इथे येतो. देशाचं शेपूट म्हणजे ‘ही साइट या देशातल्या लोकांसाठी आहे’ असा ठळक इशारा. डॉट डीईवरची साइट जर्मनीत शोधणाऱ्याला, विशेषतः ठिकाणाशी जोडलेल्या शोधात, दाखवायला गूगल जास्त राजी असतं. बाहेरच्या देशांत ती दिसतच नाही असं नाही, पण तिथे हा इशारा उपयोगाचा राहत नाही. आणि तो बदलताही येत नाही. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पूर्वी देश निवडण्याची सोय होती. ती सर्वसाधारण शेपटांपुरतीच होती आणि २०२२ मध्ये तीही काढून टाकली.

तेव्हा सेवा एकाच देशात देणार असाल आणि पुढेही तसाच बेत असेल, तर त्या देशाचं एक्स्टेंशन बिनधास्त घ्या. वाचक कुठलाही असेल तर सर्वसाधारण घ्या. सर्वसाधारण शेपूट असलं की देश ओळखायला गूगल बाकीच्या खुणा पाहतं: मजकुराची भाषा, चलन, पत्ता आणि फोन नंबर, त्या देशातल्या साइटवरून आलेल्या लिंक, काही प्रमाणात सर्व्हरचं ठिकाण. म्हणजे डॉट कॉमवर राहूनही एका देशात चांगलं दिसता येतं, फक्त या खुणा पानावर असाव्या लागतात.

आता अपवाद, कारण नवख्यांची गल्लत इथेच होते. काही देशी शेपटं जगभर इतकी वापरली जातात की गूगल त्यांना सर्वसाधारण मानतं: डॉट आयओ, डॉट को, डॉट एमई, डॉट टीव्ही, डॉट एफएम, डॉट सीसी आणि २०२३ पासून डॉट एआय. डॉट ईयू आणि डॉट एशिया ही प्रदेशाची शेपटंही सर्वसाधारणच धरली जातात. डॉट लंडन, डॉट टोकियो, डॉट बर्लिन दिसायला शहरी असली तरी त्यांनी त्या शहरातलं रँकिंग वाढत नाही. उलट शब्दखेळासाठी घेतलेलं डॉट आयटी (इटली), डॉट आयएस (आइसलँड) किंवा डॉट बीई (बेल्जियम) या सवलतीच्या यादीत नाही. नाव वाचायला झकास लागेल, पण गूगलच्या लेखी साइट त्या देशाची होईल.

देशाचं शेपूट घेतलं, मग ते सवलतीच्या यादीतलं असो वा नसो, नियम त्या देशाचेच लागू होतात. २०१० मध्ये लिबियाच्या रजिस्ट्रीने डॉट एलवायवरचं एक लिंक छोटी करणारं डोमेन तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून बंद केलं. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू त्याच वर्षी कायमचं मिटलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर जानेवारी २०२१ मध्ये पात्रता गमावलेल्या ब्रिटिश नोंदणीदारांची डॉट ईयू डोमेन थांबवली गेली. डोमेनच गेलं तर रँकिंगचा प्रश्न उरत नाही.

पायरी ३: घेता येतं का आणि चालतं का, ते तपासा

सगळी शेपटं सगळ्यांना मिळत नाहीत. डॉट सीएसाठी कॅनडाशी, डॉट एयूसाठी ऑस्ट्रेलियाशी, डॉट यूएससाठी अमेरिकेशी संबंध दाखवावा लागतो. डॉट बँक पडताळणीनंतरच मिळतं. डॉट ईडीयू अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांपुरतं आहे, डॉट गव्ह तिथल्या सरकारी यंत्रणांपुरतं. डॉट ऑर्गला मात्र अशी अट नाही, ते कुणीही घेऊ शकतो. जाता जाता: डॉट ईडीयू आणि डॉट गव्हवरून आलेली लिंक शेपटामुळे भारी ठरते हा जुना समज आहे. अशा साइटना स्वतःला चांगल्या लिंक असतात म्हणून त्यांच्या लिंकला वजन असतं. त्या विकत मिळवून देणाऱ्यांना पैसे देऊ नका.

डॉट अ‍ॅप, डॉट डेव्ह आणि डॉट पेज घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ही शेपटं ब्राउझरच्या एचएसटीएस यादीत अख्खीच्या अख्खी आहेत, म्हणजे त्यांवरची साइट ब्राउझर फक्त एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरच उघडतो. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट नसेल तर ‘असुरक्षित, तरी पुढे जा’ असा मार्गही मिळत नाही. डोमेन जोडलं, साइट चढवली, तरी उघडत नाही अशी तक्रार या शेपटांवर आली की पहिल्यांदा सर्टिफिकेट पाहा, सबडोमेनचंही. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट पुरतं, फक्त त्याची मुदत ९० दिवसांपर्यंतच असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय लावा.

फार स्वस्त किंवा फुकट शेपटांचं काय? शेपूट पाहून गूगल शिक्षा करत नाही. पण स्पॅम करणारेही तीच घेतात, त्यामुळे ईमेलचे गाळणे आणि ऑफिसांचे फायरवॉल ती संशयाने पाहतात, आणि अनोळखी शेपटावर क्लिक करताना माणूसही बिचकतो. क्लिक कमी, लिंक देणारे कमी, असा मागच्या दाराने फटका बसतो. फुकटवाल्यांत सगळ्यांत मोठं नाव डॉट टीके आणि त्याची भावंडं. त्यांची नवी नोंदणी २०२३ मध्ये थांबली.

आणि शेपटात कीवर्ड? डॉट शॉप घेतल्याने ‘शॉप’ या शोधात वर येत नाही. नावात कीवर्ड ठासायची युक्तीही जुनी झाली. नाव शोधाशी तंतोतंत जुळतं एवढ्याच बळावर वर येणाऱ्या सुमार साइट खाली ढकलणारा बदल गूगलने सप्टेंबर २०१२ मध्येच आणला. नाव लक्षात राहील, फोनवर सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरोबर लिहिता येईल, एवढं पाहा.

पायरी ४: नावाचा पूर्वेतिहास काढा

नवखे हे टाळतात, आणि पैसे देण्याआधीची खरं तर हीच सगळ्यांत महत्त्वाची तपासणी. ‘उपलब्ध आहे’ म्हणजे ‘कधीच कुणाचं नव्हतं’ असं नाही.

साइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये पूर्ण डोमेन टाका आणि प्रत्येक वर्षाची एखादी तरी प्रत उघडा. शेवटची प्रत पाहून समाधान मानू नका, घोळ बहुधा मधल्या वर्षांत असतो. आधी साधी दुकानाची साइट, मग अचानक जुगाराची किंवा औषधविक्रीची हजारो पानं, मग रिकामं पान, असा प्रवास दिसला की ते नाव सोडा.

मग डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या आरडीएपी लुकअपमध्ये नोंदणीची तारीख पाहा (सर्वसाधारण शेपटांसाठी जुन्या हूइजची जागा जानेवारी २०२५ पासून याने घेतली आहे). नाव सध्या कुणाकडे असेल आणि त्याच्याकडून विकत घेत असाल, तर ही तारीख बोलकी ठरते. तारीख गेल्या वर्षीची आणि वेबॅकमध्ये दहा वर्षांपूर्वीच्या प्रती, याचा अर्थ नाव मध्ये सुटलं होतं आणि कुणीतरी ते पुन्हा उचललं. ‘दहा वर्षांचं जुनं डोमेन’ म्हणून जास्त पैसे मागणारे हीच गोष्ट सांगत नाहीत. शिवाय, जुन्या डोमेनच्या पुण्याईवर फुटकळ मजकूर वर आणणं मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नमूद आहे.

तिसरी तपासणी गूगलवर साइट ऑपरेटर (एकाच डोमेनची पानं दाखवणारा शोध-शब्द) वापरून करा. तो रोमन अक्षरांत, कोलनसह लिहायचा आणि लगेच, मध्ये जागा न सोडता, डोमेन जोडायचं. पूर्वी साइट चालू असूनही आज एकही पान निघत नसेल तर ते साधं बंद पडल्यामुळेही असेल, पण वेबॅकमध्ये गडबड दिसली असेल तर दोन्ही मिळून इशारा पक्का.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी सर्च कन्सोलमध्ये डोमेन प्रॉपर्टी उघडा. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं वगैरे सांगणाऱ्या नोंदींत, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक नोंद) टाकून ती पडताळली जाते. लगेच मॅन्युअल अ‍ॅक्शन (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) आणि सुरक्षा ही दोन पानं पाहा. आधीच्या मालकाच्या कृत्यांमुळे झालेली कारवाई मालक बदलला म्हणून उठत नाही. ती दिसली तर जुना मजकूर उरलेला नाही याची खात्री करून, मालकी बदलल्याचं स्पष्ट लिहून पुनर्विचाराचा अर्ज करा. उत्तराला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, तेवढा वेळ वेळापत्रकात धरा.

पायरी ५: एकापेक्षा जास्त देश किंवा भाषा असतील तर

प्रत्येक देशासाठी वेगळं शेपूट घ्यायचा मोह होतो. पाच देश म्हणजे पाच डोमेन, पाच नूतनीकरणं, आणि महत्त्वाचं म्हणजे पाच ठिकाणी शून्यापासून लिंक मिळवणं. प्रत्येक देशात वेगळी माणसं काम करणार नसतील तर एकच सर्वसाधारण डोमेन आणि त्याखाली देशागणिक किंवा भाषेगणिक फोल्डर ही रचना नवख्याला झेपते. सबडोमेनही चालतात. खुद्द गूगलने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या सर्चचे देशोदेशीचे पत्ते डॉट कॉमकडे वळवायचं जाहीर केलं.

पानांच्या आवृत्त्या एकमेकींशी एचरेफलँग टॅगने (कुठलं पान कुठल्या भाषेसाठी-देशासाठी, ते गूगलला सांगणाऱ्या) जोडा. त्यातल्या चुका ठरलेल्या आहेत. भाषेचा कोड आधी आणि देशाचा नंतर. नुसता देशाचा कोड चालत नाही. ब्रिटनचं शेपूट डॉट यूके असलं तरी इथे कोड ‘जीबी’ लागतो, ‘यूके’ लिहिलं तर उपयोग शून्य. पहिल्या पानाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर दुसऱ्यानेही पहिल्याकडे दाखवायला हवं, आणि प्रत्येकाने स्वतःकडेही. परतीचं बोट नसेल तर टॅग दुर्लक्षला जातो. पत्ते एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहायचे. कॅनॉनिकल टॅग (‘मुख्य पान हे धरा’ असं सांगणारा) प्रत्येक आवृत्तीचा तिच्या स्वतःकडेच ठेवा. सगळ्यांचा कॅनॉनिकल इंग्रजी पानाकडे वळवला की बाकीच्या भाषा इंडेक्समधून गळतात, आणि मग ‘एचरेफलँग काम करत नाही’ अशी तक्रार होते. बिंग एचरेफलँगला फारसं मोजत नाही, त्याच्यासाठी पानात ‘कंटेंट-लँग्वेज’ मेटा टॅगही द्या.

आयपी पत्त्यावरून देश ओळखून वाचकाला आपोआप दुसरीकडे वळवू नका. पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, गूगलबॉट, बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो, त्याला तुमची एकच आवृत्ती दिसत राहील.

देवनागरी किंवा दुसऱ्या लिपीतलं डोमेन घेतलं तरी रँकिंगला फरक पडत नाही. आतल्या आत ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या पनीकोड रूपात साठवलं जातं आणि गूगल दोन्ही रूपं एकच मानतं. लिंक कॉपी केल्यावर मात्र कधी कधी ते अगम्य रूपच चिकटतं आणि लोक ती फसवी समजतात.

पायरी ६: शेपूट बदलायचंच असेल तर

उगाच बदलू नका. डॉट नेटवरून डॉट कॉमवर गेल्याने रँकिंग वाढत नाही. देश बदलतोय, नाव बदलतंय किंवा डोमेन हातातून जाणार आहे, अशीच कारणं पुरेशी मानावीत. आणि त्याच वेळी डिझाइन, मजकूर किंवा पानांचे पत्ते बदलायला घेऊ नका. काही घसरलं तर कशामुळे ते कळणार नाही.

आधी सगळ्या जुन्या पत्त्यांची यादी करा. साइटमॅप (साइटच्या पानांची यादी देणारी फाइल) पुरत नाही; सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स अहवाल आणि सर्व्हरचे लॉगही घ्या, कारण विसरलेल्या एखाद्या जुन्या पानालाच सगळ्यांत चांगल्या लिंक असतात. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा नवा पत्ता लिहा. सगळं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवलं तर गूगल त्याला ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे पानच उरलेलं नाही असं, समजतं आणि त्या पानांची कमाई बुडते.

नवं डोमेन सर्च कन्सोलमध्ये पडताळून घ्या. चाचणीच्या काळात गूगलला दूर ठेवायला लावलेला नोइंडेक्स टॅग आणि रोबोट्स फाइलमधला अडसर काढला का, ते दोनदा पाहा. स्थलांतर फसण्याचं सगळ्यांत साधं कारण हेच असतं. सर्व्हर बदलणार असाल तर एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा.

बदलाच्या दिवशी प्रत्येक पानाला ३०१ रीडायरेक्ट (कायमचं नव्या पत्त्याकडे वळवणं) द्या, सर्व्हरवरूनच. जावास्क्रिप्टवर सोपवू नका. जुन्या डोमेनची चारही रूपं तपासा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. उडी एकच असावी. गूगलबॉट दहा उड्यांपर्यंत पाठलाग करतो, पण प्रत्येक जादा उडीत वेळ जातो. जुन्या डोमेनचं सर्टिफिकेटही चालू ठेवा. ते संपलं की रीडायरेक्टच्या आधीच ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो, आणि हे मालकाला कळत नाही, कारण तो स्वतः नव्याच पत्त्यावर जात असतो.

साइटमधल्या लिंक, कॅनॉनिकल, एचरेफलँग आणि साइटमॅप नव्या पत्त्यांवर आणा. मग सर्च कन्सोलमधलं ‘पत्ता बदल’ हे साधन जुन्या प्रॉपर्टीतून चालवा. ते अख्ख्या डोमेनसाठी आहे. फोल्डर हलवायला किंवा एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जायला ते नाही. त्याचा परिणाम १८० दिवस राहतो. जुन्या डोमेनवर ईमेल असतील तर मेल कुठे जायचा ते सांगणाऱ्या एमएक्स रेकॉर्डला हात लावू नका.

लहान-मध्यम साइटची बहुतेक पानं काही आठवड्यांत नव्या पत्त्यावर दिसू लागतात, तोपर्यंत आकडे वरखाली होणारच. जुन्या प्रॉपर्टीत ‘रीडायरेक्ट असलेलं पान’ या रकान्यातला आकडा वाढतोय आणि नव्या प्रॉपर्टीत इंडेक्स झालेली पानं वाढतायत, एवढं दिसलं की काम मार्गी आहे. तिसऱ्या दिवशी घाबरून सगळं परत फिरवू नका. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, आणि जुनं डोमेन जमेल तितकी वर्षं भरत राहा. ते सुटलं की कुणीतरी उचलतो आणि तुमच्या जुन्या लिंक त्याच्या होतात.

नूतनीकरणाबद्दल

दहा वर्षांचे पैसे एकदम भरल्याने रँकिंग वाढत नाही, विसरण्याचा धोका तेवढा कमी होतो. सर्वसाधारण शेपटांत मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी ४५ दिवसांपर्यंत सवड असू शकते (नेमके दिवस रजिस्ट्रार ठरवतो), नंतर ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी नाव खुलं होतं. देशी शेपटांचे नियम वेगळे आणि काहींचे बरेच कडक असतात, ते घेतानाच वाचा. ऑटो-रिन्यू चालू ठेवा, कार्डाची मुदत डोमेनच्या तारखेआधी संपत नाही ना ते पाहा. आणि रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन थांबलं की तो मेलही थांबतो, आणि मुदत संपल्याची सूचना व पासवर्ड बदलायची लिंक दोन्ही त्याच बंद पेटीत जाऊन पडतात.